डबे कुठे रुजले, कुठे नाही?

नकाशांची दुनिया : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून मोबाइल आपली जागा कशी ओळखतो. याच संदेशांवर उभा असलेला एक खेळ आज पाहू. कुणीतरी एक पाणी न शिरणारा डबा झाडाच्या ढोलीत, दगडाखाली किंवा कुंपणाच्या पोकळ खांबात लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे तो शोधत जातात. सापडला की आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. बक्षीस नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. डबा मोठा असेल तर आतली एखादी चिल्लर वस्तू घ्यावी आणि बदल्यात आपली एक ठेवावी, एवढीच देवाणघेवाण. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि जगभरात आज असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत.

खेळाची जन्मतारीख पक्की ठाऊक आहे. नागरी वापराच्या जीपीएस संदेशात अमेरिकेचं लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ जंगलात एक बादली पुरली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा होता. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर टाकले आणि काही दिवसांतच ती बादली शोधली गेली. त्याच महिन्यात ११ तारखेला कॅन्सस राज्यात मिंगो इथे ठेवलेला डबा आजही चालू आहे. सप्टेंबरमध्ये या खेळाचं मुख्य संकेतस्थळ सुरू झालं. ते चालवणारी कंपनी सिअ‍ॅटलची.

उपग्रहाचा संदेश ओरेगनवर जसा पडतो तसाच तो ओतूरवरही पडतो, आणि मोबाइल आता सगळ्यांच्याच खिशात आहे. तरीही हे डबे जगाच्या नकाशावर सारखे पसरलेले नाहीत. अमेरिकेत ते दहा लाखांवर आहेत आणि जर्मनीत साडेतीन लाखांवर. जर्मनीचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडंसंच जास्त आहे, म्हणजे तिथे साधारण दर चौरस किलोमीटरला एक डबा पडतो. भारताचा आकडा त्यापुढे नगण्य आहे. एवढा फरक का पडावा?

पैसा, फावला वेळ, इंटरनेट ही उत्तरं चटकन सुचतात आणि ती खोटी नाहीत. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. मला वाटतं, खरी उत्तरं जमिनीत आहेत. पायाखालची जमीन कुणाची, तिच्यावर अनोळखी माणसाने पाऊल टाकलं तर चालतं का, आणि तिथे एखादी बेवारस वस्तू पडून राहिली तर लोक काय करतात, या तीन प्रश्नांवर हा खेळ जगतो किंवा मरतो.

अमेरिकेपुरतंच पाहिलं तरी हे ध्यानात येतं. नेवाडा राज्यातली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, आणि तीही बहुतेक मोकळं वाळवंट. टेक्सासमध्ये हेच प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत आहे. बाकी जवळजवळ सगळी जमीन खासगी, कुंपण घातलेली. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा खेळाचा नियम आहे. नेवाड्यात ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’ नावाचा एक निर्जन रस्ता आहे. खेळाडूंनी त्याच्या कडेने बरोबर या अंतरावर एकामागून एक हजाराहून जास्त डब्या ठेवल्या. लोक गाडीने येतात, उतरतात, सही करतात, पुढे जातात. दिवसाला शेकडो डब्या मोजल्या जातात. म्हणून नुसत्या घनतेचा नकाशा पाहून लोकप्रियतेचा अंदाज बांधायला गेलं की फसगत होते. त्या वाळवंटात वस्ती नाही, खेळाडू दुरून येतात, आणि नकाशावर मात्र तिथे ठिपक्यांची दाट माळ दिसते.

उलट टेक्सासच्या शहरांत खेळाला जागा सापडली ती सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. तिथल्या दिव्यांच्या खांबांना बुडाशी, बोल्ट झाकण्यासाठी, पत्र्याचं चौकोनी झाकण असतं. ते नुसतं खांबात ओवलेलं असल्यामुळे दोन हातांनी वर सरकतं. खाली काँक्रीटवर, बोल्टच्या आडोशाला, कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी आणि तिच्यात गुंडाळलेली कागदाची पट्टी. सही केली, झाकण खाली सोडलं, पत्रा खणकन वाजला की झालं. जंगलात भटकण्याची हौस असलेले जुने खेळाडू या प्रकारावर नाराज असतात. पण सगळी राने कुंपणाआड असतील तर सामान्य माणसाने खेळायचं कुठे?

राष्ट्रीय उद्यानांचा प्रश्न वेगळाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला आपल्या हद्दीत कुणी डबे ठेवून जावेत हे सहसा मान्य नाही. त्यामुळे डब्यांच्या नकाशावर देशातली सर्वांत देखणी ठिकाणं कित्येकदा मोकळी दिसतात.

आता जर्मनी. खेळ अमेरिकेत जन्मला, पण तो अंगी मुरला इथे. जर्मनीची सुमारे एकतृतीयांश भूमी जंगलाखाली आहे आणि त्यातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे. तरीही १९७५ च्या वन कायद्याने मनोरंजनासाठी जंगलात जाण्याची मुभा सगळ्यांना दिली आहे, मालक कुणीही असो. बव्हेरिया राज्याने तर हा हक्क १९४६ मध्येच थेट आपल्या घटनेत लिहिला. रानात फिरण्याचा, डोंगरावरच्या कुरणांतून जाण्याचा, रानफळं आपल्यापुरती वेचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं तिथलं १४१ वं कलम सांगतं. शहराच्या शेवटच्या ट्राम थांब्यावर उतरून जंगलात शिरणं ही तिथे रविवारची नेहमीची गोष्ट. झुडपात वाकून काहीतरी शोधणारा माणूस दिसला तर तो अळंबी शोधत असेल असंच लोकांना वाटतं.

त्यावर तिथल्या लोकांनी आपली कारागिरी चढवली. डिजिटल कॅमेरे आले, रिळांच्या डब्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा जर्मन खेळाडूंनी बाटलीचा गर्भ उचलला. प्लॅस्टिकची बाटली हवेने फुगवण्यापूर्वी कारखान्यात ती जाड, बोटभर लांब नळीच्या रूपात असते, तोंडाच्या आट्यांसकट. फुटत नाही, गंजत नाही, पाणी शिरत नाही. ‘पेटलिंग’ नावाने ती आता खेळाचं ठरलेलं सामान झाली आहे. रात्रीच्या खेळाचंही तिथे वेड आहे. झाडांच्या खोडांना नखाएवढ्या चकत्या टोचलेल्या असतात. दिवसा त्या नजरेस पडत नाहीत. रात्री विजेरीचा झोत टाकला की एकेक चकती चमकते आणि त्या चमकांमागून डब्यापर्यंत जायचं. यावरून शिकाऱ्यांशी आणि वनखात्याशी खटके उडतात, कारण रात्री रानात दिवे फिरले की जनावरं बिथरतात. पुढे तडजोडीही होतात. वटवाघळं हिवाळी झोप घेतात अशा गुहांत आणि बोगद्यांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात जायला कायद्याने बंदी आहे. त्या काळात तिथले डबे बंद ठेवण्याची शिस्त खेळाडूंनीच लावून घेतली. २०१४ मध्ये म्युनिकला झालेला मेळावा पाच हजारांचा आकडा ओलांडणारा जगातला पहिला ‘गिगा’ मेळावा ठरला.

शेजारच्या चेक प्रजासत्ताकात या खेळाची पायवाट शंभराहून अधिक वर्षं आधीच मळलेली होती. चेक पर्यटक मंडळ १८८८ मध्ये स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पहिली पायवाट रंगाने आखली. आज देशभर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास वाटा लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या आहेत, आणि ते काम स्वयंसेवक करतात. जिथे वाटा सांभाळायची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथे डबा सांभाळणं जड जात नाही. स्वीडनमध्येही तेच. दुसऱ्याच्या जमिनीवरून, घरापासून अंतर राखून, चालत जाण्याचा सार्वजनिक हक्क तिथे जुना आहे आणि १९९४ पासून त्याला घटनेत स्थान आहे.

इंग्लंडमध्ये तर या खेळाचा पूर्वजच सापडतो. डार्टमूरच्या ओसाड माळावर, क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी, जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्यांनी आपलं कार्ड तिच्यात टाकावं एवढीच अपेक्षा. त्यातून तिथे पेट्या शोधण्याचा छंद वाढला तो आजतागायत आहे. पण त्याच इंग्लंडमध्ये, वेदरबी गावात, २०११ च्या जुलैत भर बाजारपेठेत ठेवलेल्या एका डबीपाशी कुणीतरी घुटमळताना दिसलं. पोलीस आले, रस्ता रिकामा झाला आणि बॉम्बशोधक पथकाने ती डबी उडवून दिली. माळावर जी वस्तू निरागस असते, ती वर्दळीत तशी राहत नाही.

काही देशांत अडचण डब्याच्याही आधी, आकड्यांपाशीच सुरू होते. चीनमध्ये परवानगीशिवाय मोजणी करणं, ठिकाणांची नोंद गोळा करणं हा गुन्हा ठरू शकतो. तिथल्या सरकारमान्य नकाशांतले बिंदू खऱ्या जागेपासून काहीशे मीटर सरकवलेले असतात. दहा मीटरच्या अचूकतेवर चालणारा खेळ तिथे कसा रुजणार? इजिप्तमध्ये २००९ पर्यंत सामान्य माणसाला जीपीएस यंत्र बाळगायलाच बंदी होती. आयफोन तिथे पहिल्यांदा विकला गेला तो जीपीएस काढून.

आपल्याकडे नकाशांची दारं इतकी घट्ट नव्हती, पण किलकिलीच होती. सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या मंडळींना टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारे सरकारी नकाशे, मिळवण्याची यातायात आठवत असेल, त्यातही किनाऱ्यालगतच्या पट्ट्याची. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने थोडी मोकळीक दिली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बरीच. पण तोवर युरोपात या खेळाची वीस वर्षं होऊन गेली होती.

त्याहून मोठं कारण आपल्या कानात रोज वाजतं. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना ऐकत मुंबईकरांची एक पिढी मोठी झाली. १९९३ चे स्फोट, ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट, १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत बेवारस बॅगेचा झालेला स्फोट आणि त्यात गेलेले १७ जीव. यानंतर पुलाच्या कठड्याखाली चिकटपट्टीने गुंडाळलेली डबी पाहून कुणी घाबरलं तर त्याला दोष देता येणार नाही. ही भीती आपण किंमत मोजून शिकलो आहोत.

मग शहर सोडू आणि डोंगरात जाऊ. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड इथे शनिवार-रविवारी जत्रा असते, म्हणजे हौशी पायांची वाण नाही. तरी तिथे डबे रुजले नाहीत, आणि बरं झालं. गडांचा बराच भाग पुरातत्त्व खात्याच्या किंवा वनखात्याच्या ताब्यात आहे. एखाद्या बुरुजाच्या सांध्यात कुणी डबा खुपसला की दुसरा तो शोधायला चार चिरे हलवणार. आधीच ढासळत्या तटबंदीला हे परवडणारं नाही. दुर्गसंवर्धनाची मंडळं पाठीवर पोती घेऊन प्लॅस्टिक खाली आणत असताना आपण वर प्लॅस्टिक नेऊन ठेवायचं, हे मला पटत नाही.

आणखी एक गाठ आहे, आणि ती खेळाच्या नियमातच आहे. ज्याने डबा ठेवला त्याने तो वेळोवेळी जाऊन पाहायचा, भिजलेला कागद बदलायचा. सहलीला आलेल्या पाहुण्याने डबा ठेवून निघून जावं हे चालत नाही. नवा डबा नकाशावर चढवण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक तो तपासतात. म्हणजे डब्यांसाठी स्थानिक खेळाडू हवेत, आणि खेळाडू तयार व्हायला आसपास डबे हवेत. जिथे हे चक्र एकदा फिरलं तिथे ते वेगाने फिरतं. जिथे एक-दोन उत्साही माणसांवर सगळं उभं असतं, तिथे त्यांची बदली झाली की ठिपके पुसले जातात. नोकरी-शिक्षणासाठी सिअ‍ॅटल किंवा म्युनिकला गेलेल्या मराठी घरांना हा खेळ तिथे सहज गवसतो, पण सुट्टीत गावी आल्यावर त्यांना इथे डबा लावता येत नाही, तो यामुळेच.

यातून एक वाट निघते आणि ती आपल्या भूमीला शोभणारी आहे. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेने २००४ मध्ये ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू केला. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जायचं, खडक नीट पाहायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे समोर ठेवून विचारता येईल, की खळग्यांच्या तळाशी गोटे कसे आहेत, कडा गुळगुळीत कोणत्या बाजूला आहेत आणि त्यावरून पाण्याच्या भोवऱ्याबद्दल काय कळतं? लोणारच्या काठावर, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या उभ्या खांबांपुढे असेच प्रश्न मांडता येतील. बसाल्टचं असं पुस्तक जर्मनीतल्या डबेवाल्या जंगलांतही क्वचितच उघडं असेल.

भूगोलाच्या शिक्षकांना, महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांना आणि गिर्यारोहण संस्थांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यातली एक जागा निवडा, ती ज्यांच्या अखत्यारीत आहे त्या ग्रामपंचायतीची किंवा वनखात्याची परवानगी घ्या, आणि मुलांना उत्तर शोधता येईल असे तीन-चार प्रश्न मराठीत लिहा. डबा मात्र कुठेही ठेवू नका, रेल्वे स्थानकावर आणि गडावर तर मुळीच नाही.

(पुढच्या आठवड्यात : टोपोशीटवरच्या समोच्चरेषा कशा वाचाव्यात)