मांडवीवरची मधली जागा

१८ डिसेंबर १९६१ ची संध्याकाळ. उत्तरेकडून गोव्यात शिरलेल्या भारतीय सैन्याची आघाडी बेतीला पोचली आणि तिथेच थांबली. समोर पणजी दिसत होती, पण मध्ये मांडवीचं रुंद पात्र होतं आणि त्यावर पूल नव्हता. रात्र अलीकडच्या काठावर काढून जवान १९ तारखेच्या सकाळी नदी ओलांडून शहरात उतरले. पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षांची सत्ता ज्या दिवशी संपली, त्या दिवशीसुद्धा मांडवीने आपला शिरस्ता सोडला नाही. पलीकडे जायचं तर आधी धक्क्यावर थांबायचं.

पोर्तुगिजांना बांधकाम जमत नव्हतं, असं मुळीच नाही. पणजीच्या पाटोहून रायबंदरकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा सेतू त्यांनी १६३३-३४ मध्ये उभारला. व्हाइसरॉय असलेल्या लिन्हारिशच्या काउंटचं नाव त्याला मिळालं. खालच्या कमानींतून भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करतं, बाजूला मिठागरं आणि खारफुटी. जांभ्या चिऱ्यांचं हे काम घोडे आणि पालख्यांच्या काळातलं. आज त्यावरून रायबंदरच्या बसगाड्या जातात. पण हा सेतू नदीच्या कडेकडेने जातो, नदी ओलांडत नाही. म्हापशाकडून येणाऱ्याला बेतीला होडी किंवा फेरीबोट गाठण्यावाचून इलाज नव्हता.

मुक्तीनंतर हे चित्र बदलायचं ठरलं. साठच्या दशकात, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत, मांडवीवर पुलाचं काम सुरू झालं आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला वाहनं त्यावरून धावू लागली. पुलाला नाव मिळालं नेहरू सेतू. म्हापशाहून पणजीला कचेरीत येणारा माणूस आता भरती-ओहोटी आणि बोटीची वेळ न पाहता घरून निघू शकत होता. मुंबईहून येणारी गाडी थेट राजधानीत शिरू लागली. नदीपलीकडच्या पर्वरीच्या पठाराला भाव आला.

हे सुख जेमतेम दीड दशक टिकलं.

५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, नेहरू सेतू कोसळला. जीवितहानी झाली. साडेतीनशे वर्षांचा चिऱ्यांचा सेतू हाकेच्या अंतरावर वाहतूक पेलत उभा होता, आणि नव्या तंत्राचा काँक्रीटचा पूल पाण्यात गेला होता. पूर कितीही मोठा असला, तरी त्याच्या डोक्यावर सगळं खापर फोडता येण्याजोगी ही गोष्ट नव्हती. दोष पुलाच्या पोटात होता.

तो पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा होता. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून गर्डरच्या आत पोलादी तारांचे जुडगे घालून ते जबरदस्त ताकदीने ताणतात आणि दोन्ही टोकांना पक्के करतात. दोरीत ओवलेली मण्यांची माळ दोन्हीकडून घट्ट ओढली की काठीसारखी ताठ होते, तसा हा प्रकार. तारा ज्या नळ्यांतून जातात, त्या नळ्या सिमेंटच्या पातळ राड्याने गच्च भरायच्या असतात. कुठे पोकळी राहिली, काँक्रीटला कुठे केसाएवढी चीर पडली, की खारं पाणी आत झिरपतं. साध्या लोखंडी सळ्या गंजल्या तर त्या फुगतात, वरचा गिलावा फोडतात आणि निदान तांबूस डाग दाखवून बोंब तरी मारतात. ताणलेल्या तारेचं तसं नसतं. ती आतल्या आत झिजते आणि एक दिवस तुटते. मांडवीच्या पुलात तारा गंजल्या होत्या. गंजाने गेलेल्या पुलांचा विषय निघाला की अभियंत्यांच्या बोलण्यात आजही मांडवीचं नाव येतं.

देखभाल म्हणजे रंगरंगोटी आणि कठडा, अशी आपली एक समजूत असते. प्रत्यक्षात पुलाची तपासणी बरीचशी खालून होते. बेअरिंग जागेवर आहेत का, सांध्यातून पाणी गळतं का, पाण्याच्या वाटा मातीने तुंबून त्यांत पिंपळ उगवलाय का, हे पाहायचं. काँक्रीटवर हातोडीने टकटक करायची आणि आवाज बद्द येतो की खणखणीत, ते कान देऊन ऐकायचं. पण नळीच्या आतली तार हातोडीला दिसत नाही. मांडवीने ही अडचण सगळ्यांसमोर मांडली.

पूल पडला आणि पणजी पुन्हा धक्क्यावर आली. कुणी निवृत्त समजून अडगळीत टाकलेल्या म्हाताऱ्याला हाक मारावी, तशी फेरीबोटीला हाक गेली. सपाट तळाची बोट, उघडणारी फळी, फळीवरून आधी दुचाक्या, मग मोटारी, मग कडेने माणसं. बोट काठाला लागली की फळीचा खणखणाट, आणि उतरणाऱ्यांच्या गर्दीत चढणाऱ्यांची घुसाघुस. गोव्यासाठी ती वर्षं साधी नव्हतीच. राजभाषेच्या आंदोलनाने प्रदेश ढवळून निघाला, ३० मे १९८७ ला घटक राज्याचा दर्जा मिळाला. नव्या राज्याची राजधानी आणि तिचा उत्तरेचा मुलूख यांच्यामधला पूल तेव्हा तुटलेलाच होता.

नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. वाहनं वाढतच राहिली, तेव्हा त्याला समांतर दुसराही बांधला. पडलेल्या पुलाच्या पायांच्या एका अंगाला एक पूल, दुसऱ्या अंगाला दुसरा. मधली जागा तशीच रिकामी राहिली.

मांडवीचा धडा खाली दक्षिणेला झुआरी नदीवरही उपयोगी पडणार होता. कुठ्ठाळी आणि आगशी यांना जोडणारा झुआरी पूल १९८३ चा, त्याच प्रीस्ट्रेस्ड घराण्यातला. दोन खांबांवरून पुढे आलेले हात मध्यावर बिजागरीने जोडायचे, अशी त्याची रचना. या बिजागरीपाशी पूल खाली झुकू लागला. गाडी सांध्यावरून गेली की प्रवाशाच्या पोटात गोळा यायचा. पण इथे वाट पाहत बसले नाहीत. बाहेरून नव्या तारा ताणून पुलाला आधार दिला आणि अवजड वाहनांना बंदी घातली. ट्रक वर्षानुवर्षं लांबच्या वाटेने वळसा घालत राहिले, मालवाहतूकदार कुरकुरत राहिले. शेजारच्या नव्या आठपदरी केबल पुलाची एक बाजू २९ डिसेंबर २०२२ रोजी खुली झाली आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने. झुआरीचा म्हातारा पूल पर्याय उभा राहीपर्यंत टिकला. मांडवीच्या पहिल्या पुलाला ते भाग्य लाभलं नव्हतं.

इकडे पणजीत दोन पूलही अपुरे पडू लागले होते. २००० साली गोव्याची विधानसभा नदीपलीकडे पर्वरीला गेली आणि सरकारी गाड्यांचीही रोजची ये-जा सुरू झाली. अखेर मधल्या रिकाम्या जागेकडे पुन्हा लक्ष गेलं. तिथे उंचावर, दोन्ही जुन्या पुलांच्या डोक्यावरून, केबलच्या आधारावर तिसरा पूल उभा राहिला. जोडरस्त्यांसह लांबी सुमारे पाच किलोमीटर. २७ जानेवारी २०१९ ला अटल सेतूचं लोकार्पण झालं. आजारी असलेले मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर त्या सोहळ्याला हजर होते. मार्चमध्ये त्यांचं निधन झालं.

पिवळ्या केबलचे पंखे पणजीच्या प्रत्येक फोटोत आले. पण पुलावरच्या डांबराला फोटोशी देणंघेणं नसतं. खड्डे पडले, वाहनचालक ओरडले, तज्ज्ञांचे सल्ले मागवले गेले, आणि २०२३ मध्ये पूल बंद ठेवून पृष्ठभागाची दुरुस्ती करावी लागली. लोकार्पणाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हा दोष वरच्या थराचा, पोटातला नव्हे. तो सर्वांना दिसला, म्हणून त्यावर लगेच बोंब झाली.

अटल सेतूवर दुचाकींना मज्जाव आहे. त्यांनी खालच्या जुन्या पुलांवरून जायचं, नाहीतर पणजीच्या धक्क्यावर यायचं. बेतीची फेरीबोट आजही चालू आहे. कॅसिनोंच्या नांगरलेल्या जहाजांना बगल देत ती पलीकडे जाते. फळी पडते, स्कूटर सुरू होतात आणि ओले टायर बेतीच्या चढाला लागतात.