थेंब मोजून केलेली गोळी

नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ग्लॅक्सो या औषध कंपनीचा कारखाना आहे. जंतांवरची आल्बेंडाझोलची गोळी इथे बनते आणि जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देशोदेशी फुकट वाटली जाते. माप एकच, ४०० मिलिग्रॅम. पण एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मीच द्यायची असते. मग जंतनाशक दिनाला अंगणवाडीताई गोळी मोडतात, अर्धा तुकडा दोन चमच्यांमध्ये धरून त्याची भुकटी करतात आणि पाण्यात कालवून पाजतात. या औषधात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. सगळ्याच औषधांचं तसं नसतं.

वॉरफरिन घ्या. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते देतात. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. योग्य मात्रा माणसागणिक वेगळी असते आणि रक्त तपासून ती पुन्हा पुन्हा बदलावी लागते. दुकानात गोळ्या मात्र १, २, ३, ५ मिलिग्रॅमच्या. म्हणून ‘सोमवारी तीन, मंगळवारी चार’ अशी चिठ्ठी मिळते आणि ती सांभाळायची असते सत्तरीच्या आजींनी.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात गिंटारास रेक्लायटिस यांच्या गटाने या अडचणीवर उपयोगी पडेल असं यंत्र उभारलं. त्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये आला. औषधाचं द्रावण पंपातून नोझलपर्यंत येतं, ठरल्या क्षणी एकच थेंब सुटतो आणि खाण्याजोग्या पापुद्र्यावर किंवा बिनऔषधी गोळीवर पडतो. तो हवेत असतानाच कॅमेरा त्याचं चित्र टिपतो आणि त्यावरून आकारमान काढलं जातं. समजा, एका थेंबात ०.१ मिलिग्रॅम औषध आहे. डॉक्टरांनी ३.७ मिलिग्रॅम लिहिलं की ३७ थेंब. पुढच्या महिन्यात ३.४ लिहिलं की ३४.

मला यातला कॅमेरा सर्वांत मोलाचा वाटतो. कारखान्यात लाखो गोळ्यांतून मूठभर नमुने काढून तपासतात. एका माणसासाठी सातच गोळ्या केल्या, तर तपासणीसाठी फोडायची कुठली? प्रत्येक थेंब मोजलेला असेल, तर गोळी न फोडता मात्रेची खात्री देता येते.

काम नाजूक आहे. याच गटाने नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक मेणासारख्या पॉलिमरमध्ये वितळवून त्याचे थेंब सोडले. तिथे नळीसुद्धा गरम ठेवावी लागते, नाहीतर मिश्रण आतच थिजतं. थेंब कोणत्या तापमानाला गोठतो त्यावर स्फटिकांची घडण ठरते, आणि पोटात औषध किती वेगाने विरघळेल हेही त्यावर अवलंबून असतं. शिवाय ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलसाठी ही रीत परवडणारी नाही. कमी मात्रेत जालीम असलेल्या औषधांसाठीच ती शोभते.

२०१५ मध्ये अमेरिकेने मान्यता दिलेली फिटवरची ‘स्प्रिटाम’ गोळीही छापूनच होते, पण तिथे भुकटीच्या थरांवर बांधणाऱ्या द्रवाचे थेंब पडतात आणि माप कारखान्यातच ठरलेलं असतं. कोपनहेगन आणि फिनलंडमधल्या ऑबोच्या संशोधकांनी तर औषधाचीच शाई करून खाण्याजोग्या पापुद्र्यावर क्यूआर कोड छापला. मात्राही तीच, ओळखही तीच. सरकारी मुद्रणालय असलेल्या नाशिकला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

कायद्याचं काय? ब्रिटनने रुग्णाजवळच औषध बनवण्यासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र नियम लागू केले. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांत नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दुकानातच औषध तयार करण्याची तरतूद आहे. बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवून मिक्श्चर देणारे कंपाउंडर अनेकांना आठवत असतील. ती विद्या बंद पाकिटांच्या काळात मागे पडली. थेंब मोजणारं यंत्र तिला पुन्हा उभं करू शकेल, पण यंत्राने केलेल्या गोळीची जबाबदारी कोणाची, हे नियमांत स्पष्ट लिहावं लागेल.

सुरुवात नाशिकमध्ये करता येण्याजोगी आहे. मराठा विद्या प्रसारक (मविप्र) समाजाचं औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय गंगापूर रोडला आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आडगावला. दोन्ही एकाच संस्थेची. आडगावच्या डॉक्टरांनी मात्रा लिहावी आणि गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेने त्या मापाची गोळी करून तपासावी, एवढ्यावर आधी हात बसू द्यावा. रुग्णांना देण्याची परवानगी त्यानंतर मागावी. पहिलं औषध वॉरफरिनच निवडावं, कारण चुकीच्या मात्रेची किंमत तिथे फार मोठी आहे.