उभ्या घराचा नकाशा
खानदेशातील गावठाणे आणि मोजमापाचे शास्त्र

घर बांधण्यापूर्वी नकाशा काढावा, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही सर्वमान्य झाली आहे. परंतु घर बांधून शंभर वर्षे लोटल्यानंतर त्याचा नकाशा काढावयाचा, ही कल्पना अनेकांना आजही चमत्कारिक वाटते. जे डोळ्यांसमोर उभे आहे ते कागदावर कशासाठी उतरवावयाचे, असा प्रश्न ग्रामसभेत हटकून विचारला जातो. धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांपुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष घटनांनीच दिले आहे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्गाचे चौपदरीकरण, तापीवरील धरणे व बंधारे, गावठाणांची ड्रोनद्वारे पाहणी, धोकादायक शाळाखोल्यांचे निर्लेखन अशा प्रत्येक कामात एका टप्प्यावर कोणीतरी फीत घेऊन इमारतीत येतो. त्याने त्या अर्ध्या तासात लिहून घेतलेले आकडे हेच पुढे त्या इमारतीचे कागदोपत्री अस्तित्व ठरते. शेत पुन्हा मोजता येते. पाडलेले घर पुन्हा मोजता येत नाही.

उभ्या इमारतीवरून काढलेल्या अशा नकाशाला अभियंते 'ॲज-बिल्ट' नकाशा म्हणतात. आपण त्याला प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा म्हणू. मंजूर नकाशा घर कसे असावे हे सांगतो, तर हा नकाशा घर कसे आहे एवढेच सांगतो. शहरातील इमारतींच्या बाबतीत या दोहोंतील फरक शोधता येतो. खानदेशातील जुन्या गावठाणात मात्र पहिला नकाशा बहुधा कधी काढलेलाच नसतो. घर उभे राहिले ते गवंडी आणि सुतार यांच्या अंदाजावर व मालकाच्या ऐपतीवर. घराचा आकारही फुटांत किंवा मीटरांत सांगितला जात नसे. तो खणांत सांगितला जाई. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. 'आमचे घर पाच खणांचे' असे वृद्ध मंडळी आजही अभिमानाने सांगतात. परंतु खणाची रुंदी मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरत असल्यामुळे एका घराचा खण दुसऱ्या घराच्या खणाएवढा असेलच असे नाही, आणि एकाच घरातील दोन खणही सारखे निघतील याची खात्री नाही.

या घरांची बांधणी लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या मोजणीतील अडचणी समजणार नाहीत. तापीकाठच्या गावांतील जुनी घरे पुष्कळशी धाब्याची आहेत. जाड मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती, त्यांत लाकडी खांब, वर तुळया व कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पावसाळ्यापूर्वी दरवर्षी घातली जाणारी खारी माती, अशी ही रचना. भिंतीची जाडी दोन फूट असणे ही सामान्य गोष्ट. तिच्यात दिव्यासाठी देवळ्या, भांड्यांसाठी कोनाडे आणि धान्यासाठी बळदे सामावलेली असतात. उन्हाळ्यात आतला गारवा टिकतो तो याच जाड मातीमुळे. मोजणाऱ्याची मोठी परीक्षा होते तीही याच भिंतीपाशी.

एक साधा हिशेब पाहू. एका स्वतंत्र घराची लांबी बाहेरून ९ मीटर व रुंदी ६ मीटर आहे असे धरा. त्याने व्यापलेली जागा ५४ चौरस मीटर झाली. त्याच्या चारी भिंती ६० सेंटिमीटर जाड असतील तर आतील लांबी-रुंदी ७.८ व ४.८ मीटर, म्हणजे वापरावयाची जागा ३७.४४ चौरस मीटर एवढीच उरते. आता याच घरावर पत्र्याचे छप्पर असून त्याची वळचण चारी बाजूंना अर्धा मीटर पुढे आलेली असेल, तर आकाशातून ते छप्पर १० मीटर लांब व ७ मीटर रुंद, म्हणजे ७० चौरस मीटरचे दिसेल. घर एकच, आकडे मात्र ७०, ५४ आणि ३७. यांपैकी कोणता आकडा कोणत्या रकान्यात लिहिला गेला, यावर कराची आकारणी अवलंबून असते, नुकसानभरपाई अवलंबून असते आणि शेजाऱ्याशी असलेले संबंधही अवलंबून असतात.

ड्रोनला काय दिसते?

केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात त्यापूर्वीच पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग करण्यात आला होता. भारतीय सर्वेक्षण विभाग, राज्याचा भूमी अभिलेख विभाग व ग्रामपंचायत यांनी मिळून करावयाचे हे काम आहे. उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याच्या फक्कीने आखावयाच्या, छायाचित्रांवरून १:५०० या प्रमाणाचा नकाशा तयार करावयाचा, तो जागेवर नेऊन चौकशी व पडताळणी करावयाची, हरकती ऐकावयाच्या आणि मग मिळकत पत्रिका व सनद द्यावयाची, असा तिचा क्रम आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावठाणात राहणाऱ्या कुटुंबांच्या हाती घराचा स्वतंत्र हक्काचा कागद नव्हता. तो या योजनेमुळे येतो, हे तिचे मोठेच श्रेय होय.

तथापि ड्रोन वरून पाहतो, आणि वरून छत दिसते, भिंत दिसत नाही. एकमेकांना खेटून असलेल्या चार भावांच्या घरांवर एकच सलग धाबे असेल, तर आकाशातून ते एकच घर दिसणार. वाटणीची भिंत धाब्याखाली आहे. ती सामाईक आहे की एकाची, ती सरळ जाते की बळदापाशी वळण घेते, हे छायाचित्रावरून कळणे शक्य नाही. शिवाय १:५०० या प्रमाणात जमिनीवरील एक मीटर कागदावर दोन मिलिमीटर होतो आणि ६० सेंटिमीटरची भिंत जेमतेम १.२ मिलिमीटर. म्हणजे पेन्सिलीच्या एका जाड रेघेत निम्मी-अधिक भिंत बुडाली! हा नकाशा हद्दीसाठी आहे, घराच्या अंतरंगासाठी नाही, एवढे ध्यानात ठेवले तर त्याच्याकडून भलती अपेक्षा केली जाणार नाही. घरासाठी १:१०० किंवा १:५० या प्रमाणाचा नकाशा हवा, आणि तो फीत धरूनच तयार होतो.

कर्णाशिवाय मोजमाप नाही

हे काम तीन माणसांचे आहे. दोघांनी फीत धरावी, तिसऱ्याने लिहावे. लिहिणाऱ्याने आधी सर्व घर फिरून पाहून पेन्सिलीने कच्चे रेखाटन करावे. दारे, खिडक्या, खांब, जिना, ओटा, धाब्यातील साणे ही सर्व त्यात दाखवावी आणि नंतरच फीत उघडावी. मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा व लिहिणाऱ्याने तो पुन्हा उच्चारून लिहावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण 'सात' आणि 'साठ' यांतील गोंधळ पुष्कळदा एवढ्यानेच टळतो.

भिंतीवरील दारे-खिडक्या मोजताना प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज करण्याची सवय अनेकांना असते. ती चुकीची आहे. दहा तुकड्यांत प्रत्येकी अर्ध्या सेंटिमीटरची चूक एकाच दिशेने झाली, तर शेवटी पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. फीत कोपऱ्यात एकदा लावून ती न हलवता दाराची अलीकडची कड, पलीकडची कड, खिडकी, खांब अशी सर्व अंतरे त्याच एका शून्यापासून वाचत जावे. मग एका ठिकाणची चूक पुढे सरकत नाही.

एकाच कागदावर फूट-इंच आणि मीटर यांची सरमिसळ करणे हाही नेहमीचा दोष आहे. १० फूट ११ इंच हे अंतर घाईत '१०.११' असे लिहिले जाते आणि कार्यालयात बसलेला आरेखक ते दशांश समजतो. परिणामी सुमारे २५ सेंटिमीटर भिंत कागदावरून नाहीशी होते. मालकाला ते कधी कळतही नाही.

परंतु ज्या एका मापाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कर्णाचे. खोलीच्या चार बाजू मोजल्या म्हणजे खोली मोजून झाली, अशी समजूत सर्वत्र आढळते. चार बाजूंवरून आकार निश्चित होत नाही. प्रत्येक बाजू २५ फूट असलेली जागा घ्या. तिचे कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्रफळ ६२५ चौरस फूट होईल. तीच चौकट थोडी कलली आणि कर्ण ३० व ४० फूट झाले, तर क्षेत्रफळ ६०० चौरस फूट. आणखी कलून कर्ण १४ व ४८ फूट झाले, तर अवघे ३३६! चारही बाजू मात्र शेवटपर्यंत पंचवीसच्या पंचवीस. त्रिकोणाचे तसे नाही. तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरला. म्हणून प्रत्येक खोली एका कर्णाने दोन त्रिकोणांत विभागून मोजावी, आणि दुसरा कर्ण पडताळ्यासाठी घ्यावा.

खानदेशातील वाचकांना हे सांगताना संकोच वाटावा, इतका या विचाराचा प्रदेशाशी जुना संबंध आहे. चाळीसगावनजीक पाटणे येथील, इ. स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाचा व त्याला दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. त्याच भास्कराचार्यांनी 'लीलावती'त कर्ण किंवा लंब यांपैकी काहीही न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याची, आणि ते सांगावयास निघालेल्या गणित्याचीही, चांगलीच संभावना केली आहे. पंचनाम्यातील लांबी-रुंदीचे दोनच रकाने पाहिले म्हणजे त्यांचे ते शब्द आठवतात.

धुळे शहरात कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१८ नंतर आखलेल्या पेठेत रस्ते सरळ व समांतर आहेत, गल्ल्यांना क्रमांक आहेत. तेथे तरी घरे काटकोनात असतील असे वाटते. पण मागील बाजूला वेळोवेळी केलेली वाढ गुण्यात असतेच असे नाही. जुन्या गावठाणात तर घर वाटेच्या वळणाप्रमाणे व भाऊबंदांच्या वाटणीप्रमाणे वाढत गेलेले असते. अशा ठिकाणी आरेखकाने नकाशा 'सुबक' करण्यासाठी रेघा सरळ करणे हा मोठा अपराध समजावा.

भिंतीच्या आत काय दडले आहे?

भिंतीची जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी मोजतात. मातीची भिंत पायाशी जाड व वर निमुळती असते, म्हणून कोणत्या उंचीवर मोजले ते लिहिणे अवश्य आहे. सर्व मापे जमिनीपासून ठराविक उंचीवर, साधारणपणे एक मीटरवर घेण्याचा प्रघात सोयीचा आहे. जोत्याची व खोल्यांच्या जमिनीची पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने अचूक काढता येते आणि भिंतीचा कल ओळंब्याने समजतो. या दोन्ही वस्तू गावच्या गवंड्याकडे असतात.

आतील खोल्या व भिंतींच्या जाड्या यांची बेरीज बाहेरून मोजलेल्या लांबीशी जुळली पाहिजे. ती दोन-तीन फुटांनी कमी पडली तर मोजणीतच दोष आहे असे धरून आकडे 'जुळवून' घेण्याचा मोह होतो. जुन्या घरात तो फरक कित्येकदा खरा असतो. दोन खोल्यांमध्ये तोंड बुजवलेले बळद किंवा बंद केलेला बोळ असतो. न जुळणारी बेरीज हीच त्याची पहिली खूण. पुन्हा मोजावे, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

आता लेझर किरणांनी अंतर दाखवणारे लहान यंत्र सहज मिळते आणि एकट्या माणसाला त्याने काम करता येते. कडक उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही, हात कलला तर अंतर वाढते आणि पोचाऱ्याच्या फुगीर भिंतीवर तो फुगवटाच मोजला जातो, हे वापरणाऱ्याने जाणून असावे.

कागद कोणाच्या उपयोगाचा?

भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील कलम २९ अन्वये इमारतींचे मूल्य ठरवताना जिल्हाधिकारी सक्षम अभियंत्याचे साहाय्य घेऊ शकतात. अभियंता मूल्य काढतो ते मापांवरून. संयुक्त मोजणीच्या दिवशी मालक शेतावर किंवा परगावी असेल, तर माडी, न्हाणीघर, परसातील गोठा, विहिरीचे बांधकाम यांपैकी काय राहून गेले ते सांगणारा कोणी नसतो. म्हणून नोटिशीची तारीख घरोघर पोहोचली आहे की नाही हे सरपंच व सदस्यांनी पाहणे आणि मालकाने आपल्या घराचा स्वतंत्र मोजलेला नकाशा त्या दिवशी हाताशी ठेवणे, या दोन गोष्टी पुढील कित्येक वर्षांच्या अर्जफाट्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

ग्रामपंचायतीची घरपट्टी २०१५ च्या सुधारित नियमांपासून भांडवली मूल्यावर आकारली जाते. त्या मूल्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व त्याचे वय या तिन्ही गोष्टी येतात. नमुना ८ मधील क्षेत्रफळ मागील नोंदवहीतून उतरवले आहे की जागेवर मोजले आहे, हे विचारण्याचा सदस्याला अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. मातीचे धाबे पाडून स्लॅब घातला गेला, पण नोंद जुनीच राहिली, असे घडते. आणि पडझड होऊन निम्म्या झालेल्या घराची पट्टी पूर्ण भरली जाते, असेही घडते.

शिक्षकांना या कामात निराळाच लाभ आहे. शाळेची एक खोली मुलांकडून दोन कर्णांसह मोजून घेतली आणि १:५० प्रमाणात कागदावर काढली, तर त्रिकोण का ठरतो व चौकोन का ठरत नाही हे फळ्यावर सांगावे लागत नाही. कंपासाने दोन चाप मारले की कोपरा आपोआप जागेवर येतो; शेवटची भिंत मिटली नाही, तर कोणाचे माप चुकले याचा शोध मुले स्वतःच घेतात. खोली पुढे निर्लेखनास निघाली, तर मुलांनी केलेला तो नकाशा अभियंत्याच्या मोजणीशी ताडून पाहावयासही उपयोगी पडेल.

नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण, मोजणीची तारीख, मोजणाऱ्यांची नावे आणि मालकाबरोबर सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचीही सही असावी. जेथे शिरता आले नाही ती खोली अंदाजाने न काढता कोरी सोडून 'मोजता आली नाही' असे लिहावे. पक्की प्रत तयार झाली म्हणजे जागेवरचा कच्चा कागद टाकून देण्याची पद्धत सोडून द्यावी. मातीचे डाग पडलेला, खाडाखोड असलेला तो कागदच मूळ पुरावा होय. पक्क्या प्रतीतील एखाद्या आकड्याविषयी शंका निघाली, तर ती त्याच कागदावर फिटते. म्हणून तो त्याच फाइलीत, पक्क्या नकाशाच्या पाठीमागे लावून ठेवावा.