पॅराफर्नेलिया: हुंड्याबाहेरचा ऐवज

वकिलीत स्त्रीधनाच्या याद्या रोजच्याच: पाटल्या, मोहनमाळ, पैठणी. म्हणून ‘पॅराफर्नेलिया’ हा इंग्रजी शब्द मला आपला वाटतो. आज त्याचा अर्थ सरंजाम, लवाजमा. मुळात ग्रीकमध्ये ‘हुंड्याव्यतिरिक्तचं’.

जुन्या इंग्लिश कायद्यात बायकोचे कपडे-दागिने म्हणजे पॅराफर्नेलिया. आपल्याकडे स्त्रीधनावर नवऱ्याची मालकी नसते. तिथला नवरा हयातीत दागिने खुशाल विकू शके, मृत्युपत्रानं मात्र दुसऱ्याच्या नावे करू शकत नसे. १८८२च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या विवाहितेला स्वतंत्र मालमत्तेचा हक्क दिला आणि या वर्गवारीतला जीवच गेला.

शब्द अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनीही चालतं. कोर्टातून तो अजून हद्दपार झालेला नाही: अमेरिकेत गांजाच्या चिलमीलाही कायदा ‘ड्रग पॅराफर्नेलिया’च म्हणतो.