परदेशगमन व मोबाइलची सोय

परदेशीं निघालेल्या माणसाचें सामान बांधण्यांत आमच्या घरीं हल्लीं सहसा कोणी चुकत नाहीं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, औषधांच्या चिठ्ठ्या, पासपोर्टाच्या नकला, लोकरी कपडे, सारें कांहीं महिनाभर आधीं माजघरांत मांडलें जातें आणि घरांतील लहानथोर त्यावर आपापला अभिप्राय देतात. मोबाइलचा विचार मात्र विमानतळाच्या वाटेवर होतो. "तिकडे उतरल्यावर एक कार्ड घेतलें, कीं झालें," एवढ्यावर तो संपतो. २०२४ च्या एप्रिलांत आम्हींही नेमकें हेंच केलें, आणि त्याचें प्रायश्चित्त घरांतील दुसऱ्याच एका माणसास भोगावें लागलें असतें. ती हकीकत प्रथम सांगतों. नंतर सोयी कोणत्या व कोणास कोणती बरी, हें सांगूं.

आमचे चिरंजीव जर्मनींत स्टुटगार्ट येथें नोकरीस आहेत. (मुंबई आणि स्टुटगार्ट हीं १९६८ पासून भगिनी-नगरें आहेत, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते.) शेंगेन देशांत पाहुण्यास १८० दिवसांतून ९० दिवस राहतां येतें, त्यांतले ८५ दिवस राहावयाचें, असा सौभाग्यवतींचा व आमचा बेत होता. पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं दुकानांत पासपोर्ट दाखवून एक जर्मन प्रीपेड कार्ड घेतलें. १ जुलै २०१७ पासून तेथें ओळख पटविल्यावांचून प्रीपेड कार्ड सुरू करून देत नाहींत. आमच्या फोनांत कप्पे दोन. पण दुसऱ्यांत नातवंडांच्या फोटोंचें मेमरी कार्ड बसलेलें. तेव्हां भारतीय सिमकार्ड काढलें, कागदाच्या पुडींत गुंडाळलें आणि चष्म्याच्या घरांत ठेवून दिलें. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहिलें. सांगलीहून रोज फोन येत, आरतीचे व्हिडिओ येत; यामुळें आपला नंबर जिवंत आहे असा आमचा गोड भ्रम झाला.

पांचव्या आठवड्यांत धाकट्या बंधूंस सांगलीस अकस्मात् हृदयविकाराचा झटका आला. पुतण्याचा फोन आला तेव्हां स्टुटगार्टास दुपारचे चार वाजले होते, सांगलीस साडेसात. शस्त्रक्रिया रात्रींच करावयाची व त्यापूर्वीं दीड लाख रुपये भरावयाचे होते. घरची शिल्लक आमच्या नांवें. आम्हीं बँकेचें ॲप उघडलें, रक्कम घातली, आणि पडद्यावर अक्षरें आलीं कीं, नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठविला आहे. तो नंबर चष्म्याच्या घरांत! कार्ड काढून फोनांत घातलें, तरी 'सेवा नाहीं' एवढेंच दिसे. निघतांना केलेला २८ दिवसांचा रिचार्ज संपून गेलेला, आणि परदेशी रोमिंग तर आम्हीं सुरूच करून घेतलें नव्हतें. बँकेच्या मदतकेंद्रास फोन लावला, तर तेथील गृहस्थ नम्रपणें त्याच नंबरावर एक सांकेतिक अंक पाठवूं लागले. चिरंजीवांनीं आपल्या जर्मन खात्यांतून युरो पाठविले. ते दुसऱ्या दिवशीं पोंचले. शेवटीं शेजारच्या दोन घरांनीं पैसे दिले. पुतण्यानें आमच्या नंबराचा रिचार्ज केला, रोमिंगचें पॅक घेतलें. आणि पहिला ओटीपी आमच्या हातीं पडला तेव्हां सांगलीस मध्यरात्र उलटून गेली होती. बंधु आज खडखडीत आहेत व सकाळीं तीन मैल फिरून येतात, म्हणूनच हें लिहावयास हात धजतो.

सिम हीं तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें आहेत: सब्स्क्रायबर, आयडेंटिटी, मॉड्यूल, म्हणजे ग्राहकाची ओळख पटविणारा घटक. पहिलीं सिमकार्डें १९९१ सालीं म्युनिकच्या गीझेके आणि डेव्ह्रिएंट या कंपनीनें फिनलंडमधील रेडिओलिन्या कंपनीसाठीं तयार केलीं. १८५२ सालीं स्थापन झालेल्या या घराण्याचा मूळ धंदा नोटा व रोखे छापण्याचा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या इवल्या तुकड्याची योग्यता कळते. मधला शब्द आयडेंटिटी. संस्कृतांत तेंच अभिज्ञान. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थांत गळून पडली आणि ती स्वतः दुष्यंतापुढें उभी असूनही तिची ओळख पटेना. जन्मभर वर्गांत हें नाटक शिकवून आम्हीं आपली अंगठी चष्म्याच्या घरांत ठेवली, याला काय म्हणावें!

तेव्हां परदेशीं निघणाऱ्यानें दोन प्रश्न वेगळे ठेवावे. आपला भारतीय नंबर कसा जागा राहील, हा पहिला; आणि इंटरनेट कोठून घ्यावें, हा दुसरा. लोक दुसऱ्याचाच खल करतात.

पहिल्याचें उत्तर फारसें खर्चाचें नाहीं. जितके दिवस राहावयाचें, तितक्या मुदतीचा रिचार्ज निघण्यापूर्वींच करावा. कंपनीच्या ॲपमधून परदेशी रोमिंग सुरू करून घ्यावें, आणि फोनांतील 'डेटा रोमिंग' हा खटका भारतीय कार्डापुरता बंद ठेवावा. असें केलें म्हणजे ओटीपीचे संदेश येतात आणि इंटरनेटचा मीटर फिरत नाहीं. येणारा संदेश रोमिंगमध्यें बहुधा मोफत असतो; येणारा फोन उचलला तर मात्र पैसे पडतात, म्हणून अनोळखी फोन उचलूं नये. वर्षभर परदेशीं राहणाऱ्यांसाठीं एक चांगली गोष्ट घडली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २३ डिसेंबर २०२४ रोजीं नियमांत दुरुस्ती करून, डेटा नसलेलीं, केवळ बोलणें व संदेश यांचीं पॅकें देणें कंपन्यांस बंधनकारक केलें व अशा पॅकांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास मोकळीक दिली. जो डेटा वापरावयाचाच नाहीं, त्याचे पैसे दरमहा कां भरावे?

आतां इंटरनेट. रोमिंग म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. आपलें भारतीय कार्ड स्टुटगार्टांतील मनोऱ्याशीं बोलतें. तो मनोरा दुसऱ्या कंपनीचा. ती कंपनी आपल्या कंपनीकडून भाडें घेते, आणि आपली कंपनी तें आपणांकडून वसूल करते. शिवाय रोमिंगमध्यें आपला डेटा सामान्यतः स्वगृहींच्या कंपनीपर्यंत जाऊन मग पुढें जातो. शेजारच्या गल्लींतील उपाहारगृहाचा पत्ता शोधावयाचा, तरी विनंती भारतांत जाऊन परत येते! या लांबच्या फेऱ्याचा एक अनपेक्षित उपयोगही आहे. चीनमध्यें व्हॉट्सॲप व गूगल बंद आहेत. तेथील स्थानिक कार्डावर तीं उघडत नाहींत, पण रोमिंगवरील परदेशी कार्डावर बहुधा उघडतात, कारण डेटा आपल्या घरच्या वाटेनें जातो. दुबईस जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, तेथील स्थानिक कार्डावर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, परंतु बोलणें होत नाहीं.

आठ-दहा दिवसांच्या सहलीस जाणाऱ्या, विशेषतः आमच्या वयाच्या, मंडळींनीं भारतीय कंपनीचें रोमिंग पॅकच घ्यावें, असें आम्ही निःशंकपणें सांगूं. तें महाग पडतें हें खरें. पण कार्ड बदलावें लागत नाहीं, नंबर एकच राहतो, आणि रोज नव्या गांवीं उतरणाऱ्या माणसास दुकान शोधत हिंडावें लागत नाहीं. पॅकाच्या यादींत आपला प्रत्येक देश आहे कीं नाहीं, हें तेवढें वाचून पाहावें. आणि विमानांत व समुद्रावरील जहाजांत फोन 'एअरप्लेन मोड'मध्येंच असूं द्यावा. तेथें उपग्रहावरून चालणारें निराळें जाळें असतें. साधें पॅक तेथें बहुधा लागू पडत नाहीं व दर छाती दडपविणारे असतात.

दुसरी सोय ई-सिमची. यांत कार्ड मुळींच नसतें. फोनांतच बसविलेल्या चकतींत कंपनीची नोंद इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाची. आपला फोन ई-सिम घेणारा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. तो तसा असेल, तर भारतीय कार्ड आपल्या जागीं राहतें व इंटरनेट ई-सिमवरून चालतें. आमच्या चष्म्याच्या घराची गोष्ट घडावयास जागाच नाहीं. मात्र प्रवाशांस विकलीं जाणारीं बहुतेक ई-सिमें केवळ डेटाचीं असतात. त्यांस नंबर नसतो. एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतों. क्यूआर-चिन्ह ज्या फोनांत घालावयाचें त्याच फोनांत येतें, आणि फोन स्वतःच्याच पडद्याचें चित्र कसें काढणार? तें चिन्ह कागदावर छापून न्यावें, किंवा घरच्या वायफायवर निघण्यापूर्वींच उतरवून ठेवावें. एकदां उतरविलेलें ई-सिम चुकून पुसलें, तर पुष्कळदां तें पुन्हां मिळत नाहीं. व्हॉट्सॲपनें 'नंबर बदलावयाचा काय?' असें विचारलें, तर निश्चयानें 'नाहीं' म्हणावें.

महिना-दोन महिने एकाच देशांत राहावयाचें असेल, तर मात्र स्थानिक प्रीपेड कार्डासारखें स्वस्त दुसरें कांहीं नाहीं. जर्मनींत पुष्कळ पॅकें आपल्यासारखींच चार आठवड्यांचीं असतात. किराणा विकणाऱ्या साखळी-दुकानांचींही कार्डें मिळतात व तीं मोठ्या कंपन्यांच्याच जाळ्यावर चालतात. युरोपीय संघानें १५ जून २०१७ पासून संघांतर्गत रोमिंगचा अधिक आकार बंद केला. २०२२ सालीं हा नियम आणखी दहा वर्षांसाठीं वाढविला. म्हणून जर्मन कार्ड घेऊन पॅरिस, रोम, व्हिएन्ना येथें गेलें, तरी वाजवी वापरास तेच दर लागतात. स्वित्झर्लंड मात्र या संघांत नाहीं. आम्ही स्टुटगार्टाहून ऱ्हाइनचा धबधबा पाहावयास गेलों. तो शाफहाउझेनजवळ, म्हणजे स्विस हद्दींत. झुरिचकडे जाणाऱ्या गाडींत बसून आम्ही देखावा पाहण्यांत गर्क असतांनाच 'स्वित्झर्लंडमध्यें स्वागत' असा संदेश आला, आणि चिरंजीवांनीं आमच्या हातांतील फोन घेऊन डेटा रोमिंग बंद केलें. कांहीं जर्मन कंपन्या स्वित्झर्लंड आपल्या पॅकांत धरतात, कांहीं धरीत नाहींत. आमची धरीत नव्हती. ब्रिटननेंही संघ सोडल्यावर तेथील कित्येक कंपन्यांनीं युरोपांतील रोमिंगचा आकार पुन्हां बसविला आहे. लंडनचें कार्ड घेऊन पॅरिसास जाणाऱ्यांनीं सावध असावें.

किती डेटा लागेल, हें लोक भीतीनें किंवा हौसेनें ठरवितात. व्हॉट्सॲपवर नुसतें बोलण्यास मिनिटास एक एमबीच्या आंतच खर्च होतो. तोंड पाहून बोलूं लागलें, कीं तो पांचपट किंवा अधिकही होतो. स्पष्ट चित्राचा सिनेमा तासास तीन जीबीपर्यंत खातो. खरे उधळे निराळेच असतात: फोटोंची आपोआप साठवण, ॲपांचीं अद्ययावतीकरणें, आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ. हीं तिन्ही 'केवळ वायफायवर' अशीं करून ठेवलीं व शहराचा नकाशा आधींच उतरवून घेतला, तर आमच्यासारख्यांस महिन्यास पांच जीबीही पुरून उरतात. सौभाग्यवतींस न पुरण्याचें कारण कीर्तनें; तीं त्या घरच्या वायफायवर ऐकूं लागल्यापासून तीही तक्रार मिटली.

शिकावयास जाणाऱ्या मुलांविषयीं आमची सूचना एवढीच, कीं पहिल्या महिन्यांत कोणत्याही करारावर सही करूं नये. जर्मनींत दोन वर्षांचा करार दुकानदार गोड बोलून गळ्यांत घालतो, सोबत नवा फोनही देतो. १ डिसेंबर २०२१ पासून तेथील कायद्यानें पहिल्या मुदतीनंतर करार एका महिन्याच्या नोटिशीनें सोडतां येतो. पण पहिलीं दोन वर्षें सुटका नाहीं, मग शहर बदलो वा शिक्षण. प्रीपेडवर चार महिने काढावे, आपला खरा वापर पाहावा, खोलींत कोणत्या कंपनीचें जाळें पोंचतें तें पाहावें, मग हवें तर करार करावा. भारतीय नंबर सोडून देण्याची घाई तर मुळींच नको. राष्ट्रीय देयक निगमानें २०२३ च्या जानेवारींत अनिवासी भारतीयांच्या खात्यांस परदेशी नंबरावर यूपीआय वापरण्याची वाट मोकळी केली. पण त्या पहिल्या दहा देशांत जर्मनी नव्हती. बँक, आधार, प्राप्तिकर, सर्वांची किल्ली अद्याप त्या जुन्या दहा अंकांतच आहे.

बंधूंची कन्या येत्या ऑक्टोबरांत स्टुटगार्टच्या विद्यापीठांत दाखल होत आहे. तिचा फोन दोन कार्डें व ई-सिम घेणारा पाहून घेतला आहे. भारतीय नंबरावर वर्षाचें बिनडेटाचें पॅक भरलें. पहिल्या दहा दिवसांसाठीं ई-सिम, त्याचें चिन्ह छापून पासपोर्टाच्या पिशवींत. खात्यावर तिच्या वडिलांचेंही नांव घातलें आहे, म्हणजे एकाचा फोन बंद पडला तरी दुसऱ्याच्या फोनावरून व्यवहार व्हावा. पुढच्या रिचार्जची तारीख वहिनींनीं देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहिली आहे. आणि ती पुढील वर्षाच्या पानावर येत असल्यानें, नवी दिनदर्शिका आली कीं प्रथम तीच उतरवून घ्यावयाची, असें आम्हांस बजावलें आहे.