प्रशिक्षक, संघ आणि संस्था : रणजी करंडकाच्या दोन दशकांचा मागोवा

व्यावसायिक सांघिक खेळात संघाच्या यशापयशाचा किती वाटा प्रशिक्षकाकडे जातो, हा प्रश्न विचारायला सोपा असला तरी त्याचे उत्तर मोजून काढणे अवघड आहे. कारण ज्या संघाकडे चांगले खेळाडू आणि पुरेसा पैसा असतो त्याच संघाला बहुधा नामवंत प्रशिक्षकही मिळतो, आणि मग विजय नेमका कोणाच्या खात्यावर मांडायचा हे ठरवता येत नाही. या गुंत्यातून वाट काढायची असेल तर दोन प्रकारच्या तुलना कराव्या लागतात. एकच प्रशिक्षक वेगवेगळ्या संघांकडे गेल्यावर काय घडले हे पाहणे ही पहिली तुलना, आणि एकाच संघाचे प्रशिक्षक बदलल्यावर काय घडले हे पाहणे ही दुसरी. भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये या दोन्ही तुलनांसाठी चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीइतकी सोयीची सामग्री क्वचितच सापडते. 2002–03 ते 2021–22 या काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली तीन संघांनी मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकला : मुंबईने तीनदा, विदर्भाने दोनदा आणि मध्य प्रदेशाने एकदा.

क्रिकेटच्या बाबतीत एक वेगळेपण आधीच ध्यानात घ्यायला हवे. फुटबॉलमध्ये प्रशिक्षक सामना चालू असताना खेळाडू बदलतो आणि मांडणी फिरवतो. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय, म्हणजे गोलंदाजीतील बदल, क्षेत्ररचना आणि डाव घोषित करणे, परंपरेने कर्णधाराचे असतात. त्यामुळे क्रिकेट प्रशिक्षकाचे खरे क्षेत्र सामन्याच्या आधीचे असते : सराव, तंदुरुस्ती, निवडीतील मत, आणि प्रत्येक खेळाडूला त्याचे काम नेमके काय आहे हे समजावून देणे.

हे काम पगारी प्रशिक्षकाविनाही होऊ शकते, याचा पुरावा मुंबईच्या इतिहासातच आहे. 1958–59 ते 1972–73 अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला, तेव्हा आजच्या अर्थाने मुख्य प्रशिक्षक, गोलंदाजी प्रशिक्षक, विश्लेषक असा ताफा संघाबरोबर नसे. मात्र यावरून त्या संघाला प्रशिक्षण मिळत नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शालेय स्पर्धा, 1948 पासून ऐन पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग, कार्यालयांच्या संघांची टाइम्स शील्ड आणि दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांसारखे क्लब यांच्या साखळीतून खेळाडू संघात येईपर्यंत पुरता घडलेला असे, आणि ज्याला मुंबईकर कौतुकाने ‘खडूस’ म्हणतात तो, विकेट सहजासहजी न फेकण्याचा, स्वभाव त्याला ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहूनच मिळे. पुढे रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्कवर जे उभे केले तेही याच साखळीचे एक रूप होते, आणि पंडित हे आचरेकरांचेच शिष्य, यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून पाच कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळलेले.

2002–03 आणि 2003–04 मध्ये पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने लागोपाठ करंडक जिंकले, आणि 2015–16 मध्ये ते पुन्हा संघाबरोबर असताना आदित्य तरे यांच्या नेतृत्वाखाली सौराष्ट्राला पुण्यात एका डावाने हरवून 41 वे विजेतेपद मिळवले. ही तिन्ही विजेतेपदे मोलाची असली तरी प्रस्तुत प्रश्नासाठी ती फारशी बोलकी नाहीत, कारण मुंबई पंडितांपूर्वीही जिंकत होती. त्यानंतरच्या मोसमाने अधिक शिकवले. 2016–17 मध्ये मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, इंदूरला पार्थिव पटेल यांच्या शतकामुळे गुजरातकडून हरली, आणि पुढच्या मोसमासाठी प्रशिक्षक बदलला गेला. दोन वर्षांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद ही कामगिरी अपुरी ठरवली गेली, यावरून प्रशिक्षकाचे मूल्यमापन केवळ शेवटच्या निकालावर करण्याची सवय किती खोल रुजली आहे हे दिसते. संख्याशास्त्रात ज्याला सरासरीकडे परतणे म्हणतात, म्हणजे फार चांगल्या किंवा फार वाईट निकालांनंतर संघ आपोआप आपल्या नेहमीच्या पातळीकडे येणे, ते लक्षात न घेतल्यामुळे जगभरच्या क्लबांमध्ये प्रशिक्षक हटवले जातात आणि नव्या माणसाला आपोआप आलेल्या सुधारणेचे श्रेय मिळते.

विदर्भाचे प्रकरण मात्र खरोखर वेगळे आहे. 1957–58 पासून रणजी खेळणाऱ्या या संघाने साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. 2017 मध्ये पंडित आले आणि पहिल्याच मोसमात, 1 जानेवारी 2018 रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. त्या वाटेवर कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकावर मिळवलेला विजय अवघ्या पाच धावांचा होता, आणि त्या सामन्यात बारा बळी घेणाऱ्या रजनीश गुरबानी यांनी अंतिम सामन्यात हॅटट्रिक करून मोसमातील बळींची संख्या 39 वर नेली. पुढच्याच मोसमात नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध 78 धावांनी जिंकून विदर्भाने करंडक राखला; डावखुरे फिरकीपटू आदित्य सरवटे यांनी त्या सामन्यात अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारा यांना दोन्ही डावांत मिळून एका धावेपलीकडे जाऊ दिले नाही.

एवढ्यावरून प्रशिक्षकाची जादू सिद्ध झाली असे मानण्याचा मोह होतो, आणि त्या काळात तसेच लिहिलेही गेले. परंतु त्याआधीची वर्षे पाहिली तर चित्र गुंतागुंतीचे होते. पंडित येण्यापूर्वीच, 2014–15 आणि 2015–16 अशा सलग दोन मोसमांत, विदर्भाने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. विदर्भ क्रिकेट संघटनेने जामठ्याचे मैदान, निवासी अकादमी आणि वयोगटांच्या संघांवर बरीच वर्षे खर्च केला होता, आणि ‘पाहुणे व्यावसायिक’, म्हणजे दुसऱ्या राज्यातून करारावर आणलेले खेळाडू, यांची निवडही विचारपूर्वक केली होती. वसीम जाफर आणि गणेश सतीश हे त्यांपैकीच. जाफर यांनी 2018–19 च्या मोसमात वयाच्या चाळिशीत हजारांहून अधिक धावा केल्या आणि ड्रेसिंग रूममध्ये ते स्वतःच एक चालतीबोलती शाळा होते. पंडितांनी जे आणले ते वेगळे होते : कडक शिस्त, सरावाचा ठरलेला हिशेब आणि बाद फेरीत पोहोचणे ही कमाई नसून सुरुवात आहे अशी अपेक्षा. साठ वर्षे पराभवाची सवय लागलेल्या संघात ही अपेक्षा रुजवणे हे कौशल्य शिकवण्याइतकेच अवघड काम आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना नाकारणे अन्यायाचे होईल. तरीही 2019–20 च्या तिसऱ्या मोसमात, तोच प्रशिक्षक आणि बहुतांश तेच खेळाडू असूनही, विदर्भाला बाद फेरीत पोहोचता आले नाही.

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. या संघाशी त्यांचे जुने नाते होते : 1998–99 च्या अंतिम सामन्यात त्यांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने बंगळुरूला कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली होती. अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो, म्हणजे चौथ्या डावात सामना नुसता वाचवला असता तरी करंडक मिळाला असता. पण संघ 150 धावांत गारद झाला आणि 96 धावांनी हरला. तेवीस वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशाने 41 वेळच्या विजेत्या मुंबईला सहा गडी राखून नमवले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांच्या शतकांमुळे 536 धावांचा डोंगर उभा राहिला, आणि हे सारे आवेश खान व वेंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असताना घडले. महासाथीमुळे 2020–21 ची स्पर्धाच झाली नव्हती. त्यामुळे पंडितांना संघ घडवायला मोठी, सामन्यांच्या निकालांचा दबाव नसलेली मुदत मिळाली, जी प्रशिक्षकांच्या वाट्याला सहसा येत नाही. प्रशिक्षकाच्या प्रभावाचा सर्वांत भक्कम पुरावा शोधायचा तर तो या विजयात आहे, आणि तो वेळ मिळण्याशी जोडलेला आहे ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

वेळेचे हे महत्त्व आयपीएलमध्ये उलट्या बाजूने दिसले. तेथे संघ लिलावातून बनतो, मोसम दोन महिन्यांत संपतो आणि मुख्य प्रशिक्षकाशेजारी मार्गदर्शक, म्हणजे डावपेच व संघबांधणीत सल्ला देणारा अनुभवी माजी खेळाडू, बसलेला असतो. पंडित मुख्य प्रशिक्षक असताना कोलकाता नाइट रायडर्स 2023 मध्ये सातव्या स्थानी राहिले, 2024 मध्ये विजेते झाले आणि 2025 मध्ये आठव्या स्थानी घसरले. प्रशिक्षक तोच होता. बदलले ते भोवतालचे. 2023 मध्ये कर्णधार श्रेयस अय्यर दुखापतीमुळे खेळले नाहीत, 2024 मध्ये ते परतले आणि मार्गदर्शक म्हणून गौतम गंभीर आले, 2025 पर्यंत दोघेही गेले, आणि अय्यर यांनी त्या वर्षी पंजाब किंग्जला अंतिम फेरीत नेले.

राहिला प्रश्न पंडित गेल्यानंतरच्या विदर्भाचा, आणि या मागोव्यात तोच निर्णायक ठरतो. 2021–22 आणि 2022–23 मध्येही संघ बाद फेरीबाहेरच राहिला, तेव्हा ते यश एका माणसाबरोबर आले आणि गेले असे म्हणायला जागा होती. मग 2023–24 मध्ये उस्मान घनी यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने नागपूरच्या उपांत्य सामन्यात पंडितांच्याच मध्य प्रदेशाला 62 धावांनी हरवले. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात विदर्भ 169 धावांनी हरला, आणि मुंबईने 42 वे विजेतेपद मिळवले. वर्षभरात त्या पराभवाची परतफेड उपांत्य फेरीत मुंबईला नमवून झाली आणि केरळविरुद्ध पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक नागपुरात आला. त्या मोसमात हर्ष दुबे यांनी 69 बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला, आणि अंतिम सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारे दानिश मालेवार आपला पहिलाच प्रथम श्रेणी मोसम खेळत होते. हे दोघे पंडितांच्या काळातील विजेत्या संघांत नव्हते. ते विदर्भाच्या वयोगटांच्या संघांतून, नाव फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालून वर आले. या माणसांच्या कामावर विदर्भाचे तिसरे विजेतेपद उभे आहे, आणि घनी हेही विदर्भाकडूनच खेळलेले, त्याच व्यवस्थेतले प्रशिक्षक आहेत.