अंगणातील पेव आणि बागेतील निवारा

गेल्या उन्हाळ्यात लंडनच्या एका उपनगरात मुलाकडे मुक्कामास होतो. घरामागील बागेत कमानदार पन्हळी पत्र्याची एक गंजलेली खोपी अर्धी जमिनीत रुतलेली दिसली. आत फावडी, कुंड्या आणि मोडकी सायकल. मुलगा ती काढून टाकण्याच्या विचारात होता. शेजारच्या वृद्ध बाई म्हणाल्या, "युद्धाच्या रात्री माझे आईवडील अशाच खोपीत झोपत असत."

तो 'अँडरसन निवारा' होता. नागरी संरक्षणाची जबाबदारी सांभाळणारे मंत्री सर जॉन अँडरसन यांचे नाव त्याला मिळाले. हे गृहस्थ त्यापूर्वी १९३२ ते १९३७ या काळात बंगालचे गव्हर्नर होते. फेब्रुवारी १९३९ पासून या निवाऱ्यांचे वाटप सुरू झाले. वार्षिक उत्पन्न २५० पौंडांहून कमी असलेल्या कुटुंबांस ते विनामूल्य मिळत. इतरांना ७ पौंड पडत. चार फूट खोल खड्ड्यात सहा वाकविलेले पत्रे जोडून उभे करावयाचे आणि वर सव्वा फूट माती घालावयाची, अशी रचना होती. बॉम्ब जवळपास पडला तर हादरा व उडते तुकडे ती माती सोशीत असे. नेमका वर पडला तर मात्र उपाय नव्हता. पाणी झिरपे, थंडी बोचे. युद्धानंतर पुष्कळ निवारे परत घेतले गेले. काहींनी ते ठेवून घेऊन बागेच्या कोठीसारखे वापरले.

ती खोपी पाहताच मला मलकापूरच्या आमच्या वाड्यातील ज्वारीचे पेव आठवले. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. त्या वर्षी भीतीने अनेक कुटुंबे मुंबई सोडून गावी गेली. माझ्या वडिलांची आत्याही गिरगावातून मुलांसह आमच्या वाड्यात आली. रात्री विमान आलेच तर मुलांना रिकाम्या पेवात उतरवावे, असे तिने सुचविले. पणजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी दोरीला कंदील बांधून पेवात सोडला. निम्म्यावर जाताच ज्योत विझली. तळाशी उरलेल्या कुजक्या दाण्यांमुळे आतील हवा विषारी झाली होती. त्या दिवसापासून पेवाच्या तोंडावरची फरशी कोणी मुलाने सरकवू नये, असा दंडक पडला. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. हा प्रसंग ते अखेरपर्यंत सांगत.

वाडा पाडून नवे घर बांधताना आम्ही ते पेव मुरूम टाकून बुजविले. आजही पावसाळ्यात तेथील फरशी किंचित खचते. माझ्या नातवंडांना तिचे कारण ठाऊक नव्हते. या खेपेस मी ते सांगितले. मुलानेही ती खोपी मोडण्याचा विचार सोडला आहे.

वाचकहो, आपल्या अंगणातही अशी एखादी खचणारी जागा असेल. वडीलधारी मंडळी आहेत तोवर तिची हकीकत विचारून घ्यावी आणि वहीत तारखेनिशी नोंदवून ठेवावी.